तलावकाठची बाग, ढासळणारा काठ आणि डोंग्यांची वाट

आपला प्रश्न काळजीपूर्वक वाचला. आपण लिहिता त्याप्रमाणे गोंदिया जिल्ह्यातील आपल्या तालुक्याच्या गावाला लागून एक जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेला तलाव आहे. त्याच्या एका काठावर नगरपंचायतीने बाग केली. त्या बागेचा काठ गेली तीन वर्षे दिवाळीनंतर ढासळतो आहे, आणि आता तेथे सुमारे तीन मीटर उंचीची काँक्रीटची संरक्षक भिंत, तिला लागून पेव्हर ब्लॉकचा फिरण्याचा रस्ता आणि पॅडल बोटींसाठी पक्का धक्का असा प्रस्ताव तयार झाला आहे. ढिवर (मासेमार) बांधव जिथून डोंगे (लहान नावा) पाण्यात ढकलतात, ती जागा या आराखड्यात भिंतीमागे जाते. भिंत योग्य आहे का, आणि बोटींची सोय सर्वांसाठी कशी करता येईल, असे आपण विचारले आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील तलावांच्या दुरुस्तीच्या कामांवर मी स्थापत्य अभियंता म्हणून दीर्घकाळ होतो. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहितो आहे. आपला तलाव मी पाहिलेला नाही, म्हणून जे प्रत्यक्ष जागेवर अवलंबून आहे ते तसे स्पष्ट सांगेन.

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण ओघात देऊन गेला आहात, ती म्हणजे काठ दिवाळीनंतर ढासळतो. लाटांमुळे काठ झिजत असता, तर तलाव तुडुंब असताना आणि वारा जोरात असताना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, माती पडली असती. पावसाच्या वाहत्या पाण्याने ओघळ पडत असते, तर तेही पावसाळ्यातच दिसले असते. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात होते काय, तर भारी धानाला शेवटचे पाणी देण्यासाठी तुडुम (तलावातून शेताला पाणी सोडण्याचे दार) उघडला जातो आणि तलावाची पातळी थोड्या दिवसांत झपाट्याने उतरते. आपल्या काठाचा आजार या उतरत्या पाण्याशी जोडलेला आहे, असा माझा पहिला अंदाज आहे.

यामागचे कारण असे. चार महिने पाण्याला टेकून उभा असलेला मातीचा काठ आतपर्यंत मुरतो. जोवर तलावात पाणी आहे, तोवर त्या पाण्याचा दाब बाहेरून काठाला आधार देत असतो. तुडुम उघडल्यावर बाहेरचे पाणी लवकर खाली जाते. मातीतले पाणी मात्र, विशेषतः कन्हारीसारख्या चिकट मातीतून, फार सावकाश निथळते. त्यामुळे बाहेरचा आधार गेलेला, आतून ओथंबलेला आणि उभा तासलेला असा काठ आपल्याच वजनाने पुढे सरकतो. याची खूण ओळखणे सोपे आहे. पाणी उतरू लागले की काठापासून दोन-तीन हात आत, हिरवळीत, काठाला समांतर अशी बारीक भेग दिसते. आठवडाभरात तिच्यात बोट जाईल इतकी ती रुंदावते, भेगेच्या पाण्याकडच्या बाजूची हिरवळ एखादे बोट खाली बसते आणि मग एका रात्रीत तो सगळा तुकडा खाली घसरतो. पडलेल्या मातीचा वरचा भाग कोरडा आणि तळाचा भाग बोटाने चेपता येईल इतका ओला असतो. येत्या दिवाळीत आपण ही भेग शोधा आणि तिचे तारखेसह छायाचित्र ठेवा. नगरपंचायतीच्या अभियंत्यांपुढे ठेवायला याहून चांगला पुरावा नाही.

आता भिंतीचा विचार करू. उभी भिंत बांधली म्हणजे मातीतले पाणी नाहीसे होत नाही. ते भिंतीमागे अडते. तलाव रिकामा होत असताना भिंतीच्या एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला ओली माती व तिच्यातले पाणी, अशी स्थिती येते आणि भिंतीवर सर्वाधिक भार नेमका याच दिवसांत पडतो. भिंतीला पाणी निघण्याची छिद्रे ठेवतात खरी, पण त्यांच्यामागे वाळू-खडीचा गाळणी थर नीट घातला नसेल, तर चिकट मातीने ती दोन पावसाळ्यांत बुजतात. त्यात काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की आक्रसते, म्हणजे भिंतीला दरवर्षी ढकलणे आणि सोडणे चालूच राहते. शिवाय उभ्या भिंतीवर आदळलेली लाट परत फिरताना भिंतीच्या पायथ्याची माती उकरते, हा वेगळा त्रास. चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावात अशी भिंत मी पाहिली आहे. मधला भाग तलावाकडे झुकला होता, वरचा फरसबंद रस्ता भिंतीपासून सुटून हातभर फट पडली होती, आणि ती फट दरवर्षी मुरूम टाकून बुजवली जात असल्यामुळे मागचा दाब वाढतच होता. भिंत कधीच बांधू नये असे माझे म्हणणे नाही. काठाला लागून इमारत किंवा रहदारीचा रस्ता असेल आणि उतार द्यायला जागाच नसेल, तर पुरेसा खोल पाया आणि नीट निचरा असलेली भिंत हाच मार्ग उरतो. आपल्याकडे तर मागे मोकळी बाग आहे.

लाटांची भीती दाखवून भिंतीचे समर्थन केले जाईल, म्हणून त्याविषयीही लिहितो. आपला तलाव लांबीला सुमारे एक किलोमीटर आहे असे आपण म्हणता. एवढ्या मोकळ्या पाण्यावर ताशी ४५-५० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तरी लाटेची उंची साधारण पाव मीटरच्या आसपास राहते. एवढ्या लाटेला दगडी पिचिंग (उतारावर दगड रचून केलेले आवरण) पुरते, आणि उतार सौम्य असेल तर अनेक ठिकाणी दाट गवतही पुरते. पावसाळ्यातला वारा मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे भरलेल्या तलावाच्या पूर्वेकडच्या काठावर लाटांचा मारा अधिक असतो. बाग त्या बाजूला असेल, तर पूर्ण संचय पातळीच्या (तलाव पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या पातळीच्या) खाली-वर मिळून मीटरभर उंचीचा पट्टा दगडाने बांधावा लागेल. पश्चिमेला असेल, तर दगडाची गरज आणखी कमी होईल.

उपाय सांगण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतील. पहिली, बागेचा काठ हा नैसर्गिक काठ आहे की तलावाची पार आहे. हा फरक फार मोठा आहे. पार म्हणजे मातीचे धरणच. तिचा उतार तासणे, तिच्यावर दिव्यांच्या खांबांसाठी खड्डे खणणे, वड-पिंपळ किंवा मोठी झाडे नव्याने लावणे, हे काहीही संबंधित विभागाच्या लेखी मान्यतेशिवाय होता कामा नये, कारण मेलेल्या मुळांच्या पोकळीतून पाझर सुरू होतो आणि पारेला धोका झाला तर खालची शेते आणि घरे यांना धोका होतो. पुढे जे लिहितो आहे ते नैसर्गिक काठासाठी आहे, असे समजावे. दुसरी गोष्ट माती. काठावर तीन-चार ठिकाणी पुरुषभर खोल खड्डे घेऊन मातीचे नमुने जवळच्या पॉलिटेक्निकच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. मुक्त फुगवट्याचा निर्देशांक (भिजल्यावर माती किती फुगते त्याचे माप) ५० टक्क्यांहून अधिक आला, तर ती माती फार फुगणारी समजून आराखडा करावा. मोरांड किंवा सिहार अशा, कन्हारीहून कमी चिकट मातीचा काठ असेल, तर काम तुलनेने सोपे जाते. तिसरी गोष्ट पाण्याची पातळी. तुडुमाजवळ रंगवलेल्या खुणांवरून पूर्ण संचय पातळी आणि मे अखेरची पातळी यांत साधारण अडीच मीटरचा फरक पडतो असे आपण लिहिले आहे. पुढची सगळी मोजमापे मी त्यावरून धरतो. फरक वेगळा निघाला तर मोजमापेही बदलतील.

मी स्वतः हे काम करत असतो, तर काठ मागे घेऊन त्याला एकास तीनचा, आणि माती फारच फुगणारी असेल तर एकास चारचा उतार दिला असता. अडीच मीटर उंचीला एकास तीन म्हणजे साडेसात मीटर रुंदीची पट्टी लागते, आणि ती बागेच्या जमिनीतून द्यावी लागते. येथे बहुतेक ठिकाणी विरोध होतो. बागेची जागा कमी होते म्हणून तलावात भराव टाकून उतार करा, असे कोणीतरी सुचवेल. त्याला ठामपणे नकार द्यावा. पूर्ण संचय पातळीखालची प्रत्येक घनमीटर जागा ही धानाच्या पाण्याची जागा आहे, ती बागेसाठी बुजवता येणार नाही, आणि पाण्यात टाकलेल्या भरावाची दबाई नीट होत नसल्याने तोच भराव आधी घसरतो. उलट, काठ मागे घेतल्याने तलावाची साठवण किंचित वाढतेच. साडेसात मीटरची ही पट्टी वाया जात नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत माणसे याच उतारावर बसतात, आणि मुलांना पाण्याच्या कडेला अचानक खोल पाणी लागत नाही, हा सुरक्षेचा मोठा लाभ भिंतीत कधीच मिळत नाही.

उतारावर पूर्ण संचय पातळीच्या थोडे खाली मीटर-दीड मीटर रुंदीची जवळजवळ सपाट पायरी सोडावी. लाट त्या पायरीवर मोडते आणि पाणवनस्पतींना रुजायला जागा मिळते. जिथे दगड घालायचा, तिथे सुमारे ३० सेंटीमीटर जाडीचे कोरडे पिचिंग करावे, त्याखाली सुमारे १५ सेंटीमीटरचा वाळू आणि खडीचा गाळणी थर द्यावा आणि तळाशी दगड सरकू नयेत म्हणून पायथ्याची चर खणून तीत मोठे दगड बसवावेत. हा गाळणी थर दिसत नाही म्हणून कामात सर्वांत आधी त्याचीच काटकसर होते. तो नसेल तर पाणी उतरताना दगडांच्या सांध्यांतून माती वाहून जाते आणि पिचिंग खचते. दगडांचे सांधे सिमेंटने बुजवण्याचा आग्रह सौंदर्यासाठी धरला जातो, तोही मान्य करू नये, कारण मातीतले पाणी निघण्याची वाट तेथेच असते.

दगडाच्या वर आणि जिथे लाटांचा मारा नाही तिथे सर्वत्र, वाळा लावावा. आपल्याकडे नाल्यांच्या काठी तो आपोआप वाढतो, त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटरपर्यंत जातात, आणि काही काळ पाण्यात बुडणे व पुढे उन्हाळ्यात सुकणे हे दोन्ही तो सोसतो. काठाला समांतर ओळींत, वीतभर अंतरावर ठोंब लावावेत. त्याखाली पाण्याच्या कडेला लव्हाळा, देवधान आणि इतर स्थानिक पाणवनस्पती येऊ द्याव्यात. बेशरम ही झुडुपी वनस्पती मात्र मुळासकट काढावी. ती काठ धरून ठेवते असे सांगितले जाते, पण ती पसरली की डोंग्यांची वाट, माशांची अंडी घालण्याची उथळ जागा आणि पाणपक्ष्यांची चरण्याची जागा, सगळेच व्यापते. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजातील महिलांनी आणि मासेमार संस्थांनी तलावांतील बेशरम काढून तेथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. आपल्यापासून ते फार दूर नाही, नगरसेवकांना घेऊन एकदा अवश्य पाहून या. मोठी सावली हवी असेल, तर करंज, जांभूळ, अर्जुन ही झाडे उताराच्या वर, काठापासून पुरेशी आत लावावीत.

आणखी एक कारण बागेतच असण्याची शक्यता आहे. हिरवळीला रोज पाणी दिले जात असेल आणि ती अगदी काठापर्यंत असेल, तर तलाव उतरू लागल्यावरही काठ वरून भिजतच राहतो. हिरवळ काठापासून पाच-सहा मीटर मागे घ्या. तिच्या कडेला खडीने भरलेली चर काढून बागेतले पाणी एक-दोन ठिकाणी दगडी नाळेतून तलावात सोडा. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि आराखडा मंजूर होण्याची वाट न पाहता करता येतो.

आता डोंग्यांविषयी, कारण माझ्या मते काठाचा आराखडा येथूनच सुरू व्हायला हवा होता. ढिवर बांधव पिढ्यानपिढ्या जिथून डोंगा उतरवतात ती जागा सहसा योगायोगाने ठरलेली नसते. तेथे वाऱ्याचा आडोसा असतो, तळ टणक असतो आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटले तरी चिखलात फार दूर जावे लागत नाही. पाहणीसाठी पैसे खर्च करूनही याहून चांगली जागा बहुधा मिळणार नाही. तेव्हा मासेमार सहकारी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना आणि प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्यांना बरोबर घेऊन मे महिन्यात काठावरून चाला, आणि सार्वजनिक बोटींचा उतारही त्याच ठिकाणी, त्यांच्या जागेला लागून, पण त्यांची जागा न घेता करा.

धक्क्यापेक्षा उतार उपयोगी पडतो, याचे कारणही पातळीतला फरकच आहे. पक्का धक्का एकाच पातळीसाठी बांधला जातो. ऑक्टोबरमध्ये पाण्याला टेकलेला धक्का मार्चमध्ये माणसाच्या डोक्याएवढा उंच राहतो आणि खाली चिखल असतो. डोंगा किंवा हलकी बोट ओढत नेण्यासाठी एकास आठचा, तीन मीटर रुंदीचा उतार पुरतो. अडीच मीटर फरकासाठी त्याची लांबी वीस मीटर होते. तो काठाशी थोडा तिरपा घेतला तर बागेतली जागाही कमी लागते. खाली दबाई केलेल्या मुरुमावर घडीव दगड बसवावेत, किंवा काँक्रीट केल्यास त्यावर आडव्या खाचा पाडाव्यात. गुळगुळीत पृष्ठभागावर शेवाळ धरते आणि खांद्यावर जाळे घेतलेला माणूस घसरतो. उताराच्या एका बाजूला रुंद पायऱ्या आणि हाताला धरायला लोखंडी कठडा असावा. सांडव्याजवळ किंवा तुडुमाजवळ बोटींची जागा मुळीच ठेवू नये, कारण सोडलेल्या पाण्याची ओढ तेथे असते.

वृद्ध आणि अपंग व्यक्तींना बोटीत बसता यावे म्हणून तरंगता धक्का हवा असेल, तर तो करता येतो, पण वर्षभरासाठी नव्हे. चाकाच्या खुर्चीला एकास बाराहून तीव्र उतार झेपत नाही. त्यामुळे नऊ मीटरचा बिजागरीचा पूल घातला, तर पाऊण मीटरपर्यंतचा चढ-उतारच त्यावर सामावतो. म्हणजे तलाव भरल्यापासून पाणी पाऊण मीटर उतरेपर्यंत तो वापरावा आणि नंतर काढून ठेवावा. त्याची देखभाल कोण करणार हे आधी ठरले नसेल, तर त्यावर पैसा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅडल बोटींचा ठेका बाहेरच्या माणसाला देण्याऐवजी मासेमार संस्थेला द्यावा, असे मी सुचवेन. तळ कुठे खोल आहे, जाळी कुठे आहेत आणि वारा कधी उठतो हे त्यांना माहीत असते, आणि जाळी व बोटी यांच्यातले तंटे त्यामुळे होत नाहीत. बोटींचे क्षेत्र तरंगत्या खुणांनी बांधून द्यावे आणि मत्स्यबीज सोडण्याच्या काळात बोटी बंद ठेवाव्यात. जीवरक्षक जॅकेटशिवाय कोणालाही बसू देऊ नये आणि किती माणसे बसतील तो आकडा प्रत्येक बोटीवर ठळक रंगवावा. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात आणि १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून झालेल्या दुर्घटना आपल्या विदर्भातल्याच आहेत. झुंज येथे ११ माणसे बुडाली. त्यानंतर या बाबतीत कोणतीही सूट देण्याचे कारण उरत नाही.

कागदपत्रांचीही तयारी ठेवा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून हे तलाव शासनाकडे आले. पण गावाचे निस्ताराचे, म्हणजे सामाईक जागा आणि पाणी वापरण्याचे, हक्क संपले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम १६१ नुसार निस्तारपत्रक आणि कलम १६५ नुसार वाजिब-उल-अर्ज (गावातील वहिवाटींची नोंद) ठेवले जाते. तहसील कार्यालयातून आपल्या गावाच्या या दोन्हींच्या नकला घ्या. डोंग्यांची वाट, गुरांना पाणी पाजण्याची जागा किंवा धुण्याचा घाट यांची नोंद त्यांत असेल, तर भिंतीने ती वाट बंद करण्याचा प्रस्ताव तेथेच अडतो. तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आहे की जलसंपदा विभागाकडे, हेही तपासा, कारण काठावर काम करण्यासाठी त्यांची परवानगी नगरपंचायतीला घ्यावीच लागेल. पोळ्याला बैल धुण्यासाठी गावातले लोक तलावावर येतात. त्यांच्यासाठी बागेच्या हद्दीबाहेर वेगळा टणक उतार दिला नाही, तर बैल नव्या लावलेल्या वाळ्यातूनच उतरतील आणि त्यात दोष बैलांचा नसेल.

हे उत्तर वैनगंगेच्या किंवा वर्धेच्या काठी बाग करू पाहणाऱ्यांनी जसेच्या तसे वापरू नये. नदीला प्रवाहाचा मारा असतो आणि तेथे जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्या लागतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम होत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर ज्यांनी भंडाऱ्यात पाहिला, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

कामाच्या वेळापत्रकाविषयी शेवटचे. मातीकाम, पायथ्याची चर आणि बोटींचा उतार ही कामे एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत खाली असतानाच झाली पाहिजेत. वाळ्याची लागवड मृगाच्या पावसाबरोबर करावी, म्हणजे तलाव भरेपर्यंत त्याला दोन महिने रुजायला मिळतात. निविदा निघायला उशीर झाला आणि काम जूनमध्ये सुरू होत असेल, तर त्या वर्षी फक्त बागेतला निचरा सुधारून काठाचे काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलणे अधिक शहाणपणाचे आहे. लघुसिंचन विभागाला विनंती करून पहिल्या दोन वर्षी तुडुम एकदम न उघडता पाणी हळूहळू उतरेल असे पाहावे. धानाच्या पाळीला धक्का न लावता बहुधा हे करता येते. त्या दोन्ही वर्षी दिवाळीच्या आसपास कोणीतरी रोज काठावरून फिरून भेगा पाहाव्यात, आणि भेग दिसली तर ती मुरुमाने न बुजवता, पाणी आत जाणार नाही अशी चिकण मातीने लिंपून त्याच दिवशी अभियंत्यांना कळवावे. खड्ड्यांतल्या मातीचा अहवाल आणि मे महिन्यातली काठाची छायाचित्रे येथे टाकलीत, तर उतार एकास तीनचा पुरेल की चारचा हवा, हे मला अधिक नेमके सांगता येईल.